मानीव मुक्कामाचा वसंत

आधी तारखा.

मार्चची अखेर: माझी मुलगी सुनीती हिच्या जर्मनीतील निवास-परवान्याची मुदत संपली. मुदत संपण्यापूर्वीच तिने कायम वास्तव्यासाठी अर्ज दाखल केलेला होता आणि तो प्रलंबित होता. एप्रिलची पहिली तारीख: ती जुनी नोकरी सोडून नव्या नोकरीवर रुजू झाली. एप्रिलचा शेवटचा मंगळवार: परदेशी नागरिकांच्या कार्यालयास तिच्या सहीचे एक रजिस्टर पत्र गेले. मेचा तिसरा गुरुवार: पिवळ्या लिफाफ्यातून त्याचे उत्तर आले. जूनचा तिसरा शनिवार: माझी मुलगी, आठ वर्षांची नात ईरा आणि मी, असे तिघे तो देश सोडून निघालो.

आता जबाबदार. पहिली, ज्या टेबलावर ते पत्र उघडले गेले त्या टेबलामागची व्यक्ती. दुसरी, मुलीची जुनी कंपनी. आपला विभाग बंद करायचे ठरवून झाल्यावरही ती माणसांना काळजी करू नका असे सांगत राहिली. तिसरी, नवी कंपनी. तिने माझ्या मुलीला रुजू करून घेताना फुले दिली आणि काढताना चार ओळी दिल्या. चौथा मी. पत्राचा मसुदा माझा होता.

वर्ष लिहीत नाही आणि गावाचे नावही लिहीत नाही. र्युसेल्सहाइमपासून फार लांब नाही, मायन नदीच्या काठी आहे, एवढे पुरे. बदनामीच्या दाव्याला मी भीत नाही. सुनीतीने मला वचनात बांधले आहे. "बाबा, मराठीत लिहा, कुठेही छापा. पण इथल्या एकाही ऑफिसला एक ओळ लिहिलीत तर मी तुमच्याशी बोलणार नाही." म्हणून मराठीत लिहितो आहे.

चार वसंत उलटले. यंदा मी पुन्हा तिच्याकडे आलो आहे, आता ब्योब्लिंगेन या दुसऱ्या गावी. परवा घराजवळच्या सुपरमार्केटबाहेर लाकडी टपरी उभी राहिलेली दिसली आणि माझे पाय जागीच थांबले. श्पार्गेल. शतावरीच्या कुळातली, बोटाएवढ्या जाडीची, पांढरीफटक भाजी. एप्रिलमध्ये ती येते आणि जूनच्या चोविसाव्या तारखेला, संत योहानच्या दिवशी, तिची काढणी थांबते. भाजीला शेवटची तारीख नेमून देणारा आणि ती पाळणारा देश, म्हणून पहिल्या वर्षी मला याचे केवढे कौतुक वाटले होते! आता टपरीवरची बाई ओल्या फडक्याखालून जुडी काढते, देठाला नख लावून ताजेपणा दाखवते, आणि त्या कच्च्या, मातकट, किंचित कडवट वासाने मी तोंड फिरवून चालू लागतो.

त्या वर्षी आमच्या गावाबाहेर याची शेते होती. लांबच लांब सरळ वरंबे आणि त्यांवर काळे प्लास्टिक. कोंब मातीबाहेर डोकावण्याआधीच कापायचा असतो. उजेड लागला तर टोक जांभळे पडते. पोलंड-रोमानियाकडून हंगामापुरते आलेले मजूर कंबरेत वाकून, बोटांनी माती चाचपत, लांब पात्याने तो आतल्या आत कापत. दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून एक विमान फ्रँकफर्टकडे उतरे. मजुरांपैकी कोणी वर पाहत नसे. मी पाहत असे. सकाळी नातीला शाळेत पोचवून मी त्या बांधावरून चालायचो आणि मनात मसुदे रचायचो. आयुष्यभराची सवय.

ती सवय कोठून आली ते सांगितले पाहिजे. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. त्याच्या कितीतरी आधीपासून, नववीत असल्यापासून, मी आमच्या वस्तीचा अर्जनवीस होतो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, हापसा, स्मशानाची वाट, शिष्यवृत्ती: सारे अर्ज माझ्या हातचे. माझ्या आजोबांना कचेरीच्या ओट्याखाली उभे राहून तोंडी गाऱ्हाणे घालावे लागे आणि ऐकणारा ते ऐकले नाही असे म्हणू शके. कागदाला तसे म्हणता येत नाही. कागद आत जातो, त्यावर शिक्का पडतो, पोच मिळते. आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी संविधानाची प्रत आहे आणि तिच्याखालच्या खणात पन्नास वर्षांच्या पोचपावत्या. मुलीचे नाव मी सुनीती ठेवले ते उगीच नव्हे.

तिच्या हातात तेव्हा जो कागद होता त्याचे जर्मन नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही. पण त्यातली कल्पना मला अगदी घरची वाटली होती. परवाना संपण्यापूर्वी तुम्ही अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असे मानले जाते. आपल्या कायद्याच्या मराठीत यास मानीव म्हणतात. मानीव संमती, मानीव हस्तांतरण. खरे नसलेले, परंतु कायद्याने खरे धरलेले. माझी मुलगी त्या वसंतात मानीव मुक्कामाला होती. ती कामावर जात होती, मोटारींच्या ब्रेकच्या चाचण्या घेत होती, ईराला पोहायला नेत होती, बाल्कनीत पुदिना लावत होती. आणि हे सारे ज्या पायावर उभे होते तो एका प्रलंबित अर्जाचा होता.

नोकरी बदलण्यास कायद्याची हरकत नव्हती. हे मी स्वतः वाचले, इंग्रजी भाषांतरातून, पेन्सिलीने खुणा करीत. सुरुवातीचा काळ सरला की परवाना कंपनीला बांधलेला राहत नाही. तिचा तो काळ केव्हाच सरला होता. जुना विभाग बंद पडणार हे कँटीनमधल्या प्रत्येकाला कळत होते. निर्णय येईपर्यंत बुडत्या जागी बसून राहायचे की जमिनीवर पाय ठेवायचे? तिने पाय ठेवला. मी म्हणालो, योग्य केलेस. ते आजही म्हणतो.

प्रश्न उरला कार्यालयाला कळवण्याचा. आणि तेथे मी शिरलो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकीकडे ईरा श्पार्गेल सोलत होती. लांब, ओलसर सालींचा ढीग तिच्यापुढे साचला होता आणि खिडकीतून संध्याकाळचे न संपणारे ऊन आत आले होते. दुसरीकडे सुनीती लॅपटॉप घेऊन माझ्या मसुद्याचे जर्मन करीत होती.

"बाबा, हे शेवटचं वाक्य हवंच का?"

"कुठलं?"

"'माझा पूर्वीचा अर्ज रद्द समजून प्रस्तुत अर्ज दाखल करून घ्यावा.' अहो, मी फक्त नवीन कॉन्ट्रॅक्ट पोर्टलवर अपलोड करणार होते. इथे सगळे तेच करतात."

"सगळे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. जुन्या अर्जात जुनी कंपनी, प्रत्यक्षात नवी. उद्या कुणी म्हणालं की खोट्या माहितीवर परवाना मिळवला, तर?"

"असं इथे कुणी म्हणत नाही हो."

"म्हणेपर्यंत कुणीच म्हणत नसतं. दोन अर्ज एका फायलीत पडले की पहिली त्रुटी तिथेच निघते. जुना रद्द, नवा दाखल. फाईल स्वच्छ."

"बरं, शिरस्तेदारसाहेब," ती हसून म्हणाली आणि तिने ते वाक्य टाइप केले.

"आजोबा, तुम्ही कोर्टात पण असंच भांडायचा?" असे काहीसे ईराने जर्मनमध्ये विचारले. तिला मराठी सगळे कळते. उत्तर मात्र जर्मनमध्येच येते. सुनीतीने भाषांतर करून सांगितले तेव्हा आम्ही तिघेही हसलो.

आपल्याकडचा कोणताही कारकून मला दुजोरा देईल. तालुक्याच्या कचेरीत, महानगरपालिकेत, विद्यापीठात, मी ते वाक्य शेकडो वेळा लिहिले आहे. तेथे त्याचा अर्थ एवढाच असतो की साहेब, ताजे कागद वर ठेवा. त्याने कोणाचा हक्क कधी गेला नाही. आपल्या कचेऱ्यांत शब्दांना इतके वजन कोणी देतच नाही.

पत्र रजिस्टरने पाठवायचे हाही माझाच हट्ट. पोच आली ती मी पाकिटात जपून ठेवली.

मे महिन्यात वैशाखी पौर्णिमेला आसपासची मराठी मंडळी भाड्याच्या एका हॉलमध्ये जमली. वंदना झाली, खीर झाली. तेथे प्रशांत नावाचा एक इंजिनिअर भेटला. सुनीतीचा जुना सहकारी, पस्तिशीचा. त्याला मी मोठ्या अभिमानाने पत्राचे सांगितले. त्याचा चमचा हातातच राहिला.

"काका, रद्द असं लिहिलंत? लेखी?"

"लेखी नाही तर काय तोंडी?"

"अहो काका, इथे विचारलं तेवढंच लिहायचं असतं. एक ओळ जास्त नाही. हे लोक वाचतात."

हे लोक वाचतात. मला ते शब्द उद्धट वाटले. परत येताना ट्रेनमध्ये मी सुनीतीला म्हणालो, "ही नवी पिढी मान खाली घालून जगायला शिकली आहे." ती खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर रेपसीड या मोहरीसारख्या तेलबियांची पिवळी शेते एकामागून एक जात होती.

पिवळा लिफाफा हा जर्मनीत साधा लिफाफा नसतो. तो टाकणारा पोस्टमन त्यावर स्वतःच्या हाताने तारीख लिहितो, कारण मुदती त्या तारखेपासून मोजतात. मला ती पद्धत पाहताक्षणी आवडली. बेलिफाची बजावणी आठवली. सुनीती कामावरून आली, उभ्यानेच तिने तो फोडला आणि वाचता वाचता खाली बसली. आशय असा: आपण आपला अर्ज मागे घेतल्याची नोंद घेण्यात आली आहे. त्यामुळे आपले मानीव वास्तव्य आपले पत्र येथे पोचले त्या दिवशी संपले. आपला नवीन अर्ज मूळ परवान्याची मुदत संपल्यानंतर आलेला असल्याने त्यास मानीव परिणाम नाही. नोकरी करण्याचा अधिकार नाही. तीस दिवसांत देश सोडावा.

"म्हणजे तीन आठवडे मी बेकायदा काम करते आहे," ती म्हणाली. एवढेच. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन कंपनीला सांगितले. न सांगता महिना काढता आला असता, असे नंतर दोघांनी सुचवले. तिला ते जमण्यासारखे नव्हते, मीच तिला तसे वाढवले होते. कंपनीतली मनुष्यबळ खात्याची बाई, फुलांचा गुच्छ देणारी तीच, म्हणाली, "आल्झो," म्हणजे तर मग, "आम्हाला फार वाईट वाटतंय." सुनीती अजून प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे उमेदवारीच्या सहा महिन्यांत होती. त्या काळात कारण न देता दोन आठवड्यांत काढता येते. काढले.

कार्यालयात मी तिच्यासोबत गेलो. स्वच्छ, शांत जागा. भिंतीवर क्रमांक उजळत होते आणि आपला क्रमांक आला की माणसे शाळकरी मुलांसारखी उठत होती. टेबलामागची बाई चाळिशीची, नम्र. दुष्ट असती तर मला बरे वाटले असते. तिने पत्र समोर ठेवले. माझ्या मसुद्यातले ते वाक्य पिवळ्या शाईने रंगवलेले होते.

"हे पत्र तुमचं?"

"हो."

"हे वाक्य तुम्हीच लिहिलंय?"

सुनीतीने माझ्याकडे न पाहता सांगितले, "हो. मीच लिहिलं."

"गेनाऊ," बाई म्हणाली. म्हणजे, बरोबर.

मी इंग्रजीत काही बोलू लागलो, तेव्हा टेबलाखाली सुनीतीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. लहानपणी, कोर्टाच्या आवारात तिला घेऊन जायचो तेव्हा, गप्प राहा असे सांगायला मी तिचा हात दाबायचो. बाईने माझे अर्धवट वाक्य ऐकून घेतले आणि ती शांतपणे जे म्हणाली, ते सुनीतीने मला बाहेर आल्यावर सांगितले: इथे माणसाने जे लिहिलं, तेच त्याला हवं आहे असं आम्ही धरतो.

लिहिलेले खरे धरावे, यासाठीच मी जन्मभर भांडलो होतो. ओट्याखाली उभ्या राहिलेल्या माझ्या आजोबांपासून माझ्यापर्यंतची सगळी धडपड त्याचसाठी होती. आणि जेथे ते खरोखर धरले जाते, तेथे मी माझ्या मुलीच्या पायाखालची जमीन माझ्या वळणदार वाक्याने काढून घेतली.

येथे हा लेख संपवून छाती बडवत बसणे सोपे होते. मी तसे करणार नाही, कारण माझी चूक सिद्ध झाल्याने दुसऱ्याची चूक माफ होत नाही. कोर्टात एवढे तरी शिकलो.

आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी कपाटातून जाड पुस्तक काढून एक कलम वाचून दाखवले. एखाद्याने केवळ नजरचुकीने किंवा अज्ञानाने चुकीचे निवेदन दिले असल्याचे उघड दिसत असेल, तर ते दुरुस्त करण्याचे त्यास सुचवणे हे कार्यालयाचे काम आहे. कायद्यात लिहिले आहे. त्याच देशाच्या, त्याच कार्यालयाला लागू असलेल्या कायद्यात. जी बाई कायम राहण्याची परवानगी मागते, जी नव्या नोकरीचा करार जोडते, जी तीन पानांत मला येथेच राहायचे आहे असे सांगते, तिने एका वाक्यात आपले सगळे सोडून द्यायचे ठरवले, हे कोणाला पटले?

"आपण जिंकू शकतो," वकीलबाई म्हणाल्या. "पण वर्ष लागेल, कदाचित दोन. आणि तोपर्यंत तुम्हाला काम करता येईल याची खात्री मी देत नाही."

जावई वेगळे झाल्याला बरीच वर्षे झालेली. घर तिच्या एकटीच्या पगारावर. मुदतीत बाहेर पडले तर नाव कोरे राहील, पुन्हा येता येईल. तिने बाहेर पडायचे ठरवले.

त्या शेवटच्या आठवड्यांतले मला काय काय आठवते! दररोज श्पार्गेल, कारण ईराला आवडे आणि आता हंगामही संपत आला होता. भांड्यावरची गोडसर वाफ. पुठ्ठ्याची खोकी. गवताच्या फुलोऱ्याचा उडणारा पिवळा धुरळा आणि शिंकणारी सुनीती. ती शिंकते आहे की रडते आहे, हे मी विचारले नाही. जुलैतल्या शाळेच्या सहलीचे संमतीपत्र सही करून दिलेले होते. ते परत मागायला ती शाळेत गेली तेव्हा बाईंनी म्हणे विचारले, नक्की जायलाच हवं का? त्या शाळेतल्या बाईंना निदान विचारावेसे तरी वाटले. निघायच्या दिवशी मी ईराला म्हणालो, "बाळ, पुण्यात खूप मजा येईल." तिने दप्तर खांद्यावर घेतले. "दास इस्ट एगाल, आजोबा." त्याचा अर्थ मला तोवर कळू लागला होता. मला काही फरक पडत नाही. आठ वर्षांची पोर.

पुण्यात त्या दोघी सव्वा वर्ष राहिल्या. मग सुनीती नव्याने अर्ज करून, नव्या परवान्यावर, ब्योब्लिंगेनला आली. सर्व गणती शून्यापासून. ईरा आज बारा वर्षांची आहे आणि तिच्या वर्गातल्या मुली तिच्याहून एक वर्षाने लहान आहेत. त्या लहान आहेत हे ती कोणाला कळू देत नाही. मला कळते, कारण उंची लपवायला ती पाठीला बाक काढून चालते.

लोक म्हणतात, झाले ना शेवटी सगळे ठीक. मी सांगतो काय झाले ते.

कायम वास्तव्याचा अर्ज यंदा पुन्हा दाखल झाला आहे, पुन्हा प्रलंबित आहे. गेल्या बुधवारी गार्चिंग नावाच्या गावाहून तिला नोकरी देऊ करणारा फोन आला. एका संशोधन संस्थेत ब्रेकच्या नव्या सामग्रीवर काम. ज्यासाठी ती मुळात या देशात आली होती तेच काम. मी स्वयंपाकघरातच बसलो होतो. ती उभ्याने बोलत होती आणि बोलता बोलता ओट्यावरचा एकच डाग पुन्हा पुन्हा पुसत होती. फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"कधी येता, म्हणाले."

"मग?"

"नाही म्हटलं."

"अगं, कायद्याने काही अडचण नाही. मी पाहिलं आहे. आत्ताच्या परवान्यात..."

"बाबा." तिने फडके ठेवले. "अर्ज लागलाय. निकाल येईपर्यंत मी या खुर्चीवरून हलणार नाही. एक कागद इकडचा तिकडे करणार नाही. आत्ताच्या कंपनीत ते मला फोटोकॉपी करायला सांगतात ना, मी फोटोकॉपी करीन."

"पण ते गैरफायदा घेतात."

"घेऊ देत. त्यांना माहीत आहे मी हलू शकत नाही."

"शकतेस!"

"नाही शकत," ती म्हणाली. "कायद्याने शकते. मी नाही शकत."

ज्या मुलीने चार वर्षांपूर्वी बुडत्या जागेवरून ताठ मानेने पाय उचलला होता ती आता पेटीत आलेली पत्रे टेबलावर पालथी ठेवते, म्हणजे माझी नजर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर जाऊ नये. ती माझ्यावर रागावलेली नाही. ती मला जेवायला वाढते, गोळ्यांची आठवण करते, ईराला माझ्याशी बोलायला बसवते. एकदाही, भांडणातसुद्धा, तिने म्हटलेले नाही की बाबा, तुमच्यामुळे. तिने हे म्हणावे म्हणून मी चार वर्षे वाट पाहतो आहे.

तर, टेबलामागच्या बाई. तुमचे नाव मला ठाऊक आहे आणि ते मी लिहिलेले नाही. माझी मागणी भरपाईची नाही, शिक्षेची नाही, माफीचीही नाही. त्या पत्राच्या वरच्या कोपऱ्यात माझ्या मुलीचा फोन नंबर होता. ते वाक्य रंगवायला तुम्ही पेन उचललेत. तुमच्या टेबलावर फोन होता, मी पाहिला. तो उचलून तुम्हाला हे खरंच म्हणायचं आहे का, एवढे एक वाक्य विचारायला तुम्हाला कशाने अडवले? वेळ नव्हता? हुकूम नव्हता? की विचारावे असे वाटले नाही? तीनपैकी जे असेल ते सांगा. खाजगीत नको, माझ्या मुलीला पत्राने नको. ती ते पालथे ठेवील. तुमच्या गावाच्या सभागृहात उभ्या राहून, नोंद होईल अशा जागी, मोठ्याने सांगा. ते वाक्य कोणी लिहिले, या प्रश्नाचे खरे उत्तर त्या दिवशी तुम्हाला मिळाले नाही. ते मी आज येथे, सर्वांसमक्ष, माझ्या सहीने दिले आहे. आता तुम्ही द्या.